तेलाचा पातळ हात

"अजून लाल आहे गं तळ!" पानसोक परसातल्या मोठ्या लोखंडी देगीत कमरेपर्यंत वाकून ओरडला. देगीने त्याचा आवाज दुप्पट मोठा करून परसात फेकला.

"मग घासा की," दोकशिम म्हणाली. "आत शिरून ओरडल्याने गंज पळतो होय?"

किमचीच्या लोणच्याच्या रिकाम्या पिंपावर ती उन्हात बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, डावा मनगटापासून अंगठ्यापर्यंत. दोन्ही हात मांडीवर असे ठेवले होते की जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत आणि तिने फक्त सांभाळायला घेतलेत. पर्सिमनच्या झाडावर पक्ष्यांसाठी सोडलेली शेवटची चार-पाच फळं उरली होती. खाली पानांचा खच पडला होता. याच ओल्या पानांवरून ती तीन आठवड्यांपूर्वी घसरली होती.

पानसोक देगीतून वर आला. कपाळावर गंजाचा पट्टा उमटला होता. त्याने तारेची घासणी झटकली आणि पुन्हा आत गेला.

मिरानचा फोन आदल्या रात्री आला होता. "शनिवारी येते आणि बघते," लेक म्हणाली होती. "आईला हिवाळाभर माझ्याकडे सुवोनला घेऊन जाते. खोली तयार आहे. बाबा, तुम्ही पण चला म्हणलं तर तुम्ही कुत्र्याचं कारण सांगणार, लसणीच्या वाफ्याचं कारण सांगणार. मग राहा तुम्ही. पण आईचं मी ऐकणार नाही. दोन्ही हात मोडलेत तिचे, आणि तुम्हाला भात लावता येत नाही."

भात लावता येत नाही हे खरं होतं. चौतीस वर्षं त्याने बोल्ग्यो ते किनाऱ्याच्या गावांपर्यंत बस चालवली होती. रोज संध्याकाळी ती बस स्वतःच्या हाताने धुतली होती, आरसे असे पुसले होते की प्रवासी बायका त्यात बघून केस नीट करायच्या. पण घरातल्या भांड्यांपैकी नूडल्स उकळायच्या पिवळ्या पातेलीखेरीज कशालाही त्याने हात लावला नव्हता. दोकशिमने लावू दिला नव्हता असंही म्हणता येईल. दोघांनाही ते सोयीचं होतं.

फोन ठेवल्यावर दोकशिम जायचं नाही असं म्हणाली नाही. ती फक्त म्हणाली, "देगीला गंज चढलाय. पुढच्या महिन्यात सोयाबीन शिजवायचं आहे. मी गेले तर या सगळ्यांकडे कोण बघणार?" 'या सगळ्यांकडे' म्हणताना तिने फळीवरच्या भांड्यांकडे हनुवटी उडवली होती. मग म्हणाली, "उद्यापासून तुम्ही शिकायचं."

गंज निघाला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. देग धुऊन, चुलीत काटक्या पेटवून त्याने ती कोरडी तापवली. मग दोकशिमच्या सांगण्यावरून फडक्यात डुकराच्या चरबीचा तुकडा बांधला आणि जोर लावून फिरवायला लागला.

"थांबा, थांबा! भिंत सारवताय का?" ती पिंपावरून उठलीच. "पातळ. इतका पातळ हात, की लावलाय की नाही असं आपल्यालाच वाटलं पाहिजे. जाड लावलात तर ते चिकट होतं. मग वर्षभर बोट चिकटतं आणि जीभही."

"इंजिनालाही एवढं कौतुक लागत नाही."

"इंजिनात तुम्ही सोयाबीन शिजवत नाही."

त्याने पातळ हात दिला. धूर आला. धूर विरला की पुन्हा हात, पुन्हा धूर. दर वेळी फडकं काळं निघे आणि दोकशिम मान हलवे. पाचव्या वेळी कुंपणापलीकडून हादोंगवालीचं डोकं वर आलं. चाळीस वर्षांपूर्वी हादोंगहून लग्न होऊन आलेली ही शेजारीण अजून माहेरच्या नावानेच ओळखली जायची.

"अगं बाई! सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" ती म्हणाली. "बस सोडून आता देग चालवायला घेतली का भाऊजींनी?"

"ब्रेक लागत नाहीयेत हिला," पानसोक म्हणाला.

"देगीला की दोकशिमला?"

दोकशिम इतकी हसली की तिला पुन्हा खाली बसावं लागलं. पानसोकने फडकं वर धरलं. ते पांढरं निघालं होतं. देगीचा तळ काळाशार झाला होता, ओल्या गोट्यासारखा. त्याने नकळत त्यावरून तळवा फिरवला, जसा तो बसच्या बॉनेटवरून फिरवायचा.

"आता पाणी आत राहू द्यायचं नाही," ती म्हणाली. "रात्रभर पाणी राहिलं की हिचा राग नाकावर."

मंगळवारी काशाची भांडी निघाली. पूर्वजांच्या नैवेद्याला लागणारी ताटं, वाट्या, पाणी ओतायची भांडी अशी तेवीस नगांची ती दौलत वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवलेली होती. सासूबाईंची. भांड्यांवर निळसर-करडे डाग पडले होते. पानसोकने चटईवर मांडी घातली आणि हिरव्या घासणीने पहिलं ताट घासायला घेतलं.

"गोल गोल नको," दोकशिम म्हणाली. "ते काय स्टिअरिंग आहे? एकाच दिशेने. इकडून तिकडे. आणि कोरडंच. पाण्याचा थेंब नको."

तो इकडून तिकडे घासू लागला. बोटं काळी पडली, ताट हळूहळू सोनेरी व्हायला लागलं. दोकशिम सांगायला लागली: नवी नवरी होऊन आली त्या वर्षी सासूबाईंनी तिला छपराचं फुटकं कौल कुटायला बसवलं होतं. ते वस्त्रगाळ करायचं, भाताच्या पेंढीला लावायचं आणि या पेंढीने ही सगळी भांडी घासायची. तिसऱ्या वाटीला तिच्या नखांतून रक्त आलं. ते सासूबाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. फक्त तिच्या हातातली वाटी घेऊन स्वतः घासायला लागल्या.

"मग?" पानसोकने विचारलं.

"मग काय? मी भात लावायला गेले. मी निघाले तशा म्हणाल्या, भात करपवलास तर वाटी परत देईन."

दोघं हसली. त्याने दुसरं ताट घेतलं. तिसरं घेतलं. खिडकीतून ऊन सरकलं. दोकशिमने प्लास्टरच्या टोकाने हनुवटी खाजवली आणि म्हणाली, "तुम्हाला सांगितलंय का कधी? नवी नवरी होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला छपराचं फुटकं कौल कुटायला बसवलं होतं."

पानसोकची घासणी क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली, इकडून तिकडे. तिने सगळं सांगितलं, पेंढी, नखं, रक्त, वाटी. ज्या जागी तो आधी बोलला होता त्या जागी आल्यावर ती थांबली.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? भात करपवलास तर वाटी परत देईन म्हणाल्या."

तो पुन्हा हसला. पहिल्यापेक्षा जरा जास्तच.

बुधवारी त्याने स्टीलचं पातेलं जाळलं. जवाचं पाणी उकळायला ठेवलं आणि कुत्र्याला खायला घालायला म्हणून परसात गेला तो हादोंगवालीशी बोलत बसला. परत आला तेव्हा पाणी उडून गेलं होतं आणि दाणे तळाला कोळसा होऊन बसले होते. त्याने पातेलं गुपचूप बाहेर नेलं आणि लोणच्याच्या रांजणांमागे ठेवून दिलं. खिडक्या उघडल्या. टीव्हीसमोर बसलेल्या बायकोपाशी जाऊन तोही बसला.

"कोणतं?" दोकशिम टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाली.

"काय कोणतं?"

"कोणतं भांडं जाळलंत? नाकाला नाही घातलेलं प्लास्टर माझ्या."

पातेलं परत आत आलं. त्याने तारेची घासणी उचलली तशी ती ओरडली. स्टीलला ओरखडे गेले की पुढच्या वेळी तिथेच धरतं. पाणी घाला, चार चमचे खायचा सोडा घाला, उकळवा आणि मग त्याच्याकडे बघूही नका.

"किती वेळ बघायचं नाही?"

"तुम्हाला राहवणार नाही तोपर्यंत. आणि त्यानंतर आणखी तासभर."

तासाभराने कोळसा पापुद्र्यासारखा सुटून आला. पानसोकने लाकडी चमच्याने तो उचलला आणि एखादी मासोळी पकडल्यासारखा तिला दाखवायला नेला. त्या यशाच्या भरात, न विचारता, त्याने आपली पिवळी पातेलीही चमकवायला घेतली. बसच्या डेपोत पंचवीस वर्षं त्याने याच पातेलीत दुपारच्या नूडल्स उकळल्या होत्या. तारेच्या घासणीने दहा मिनिटं घासल्यावर पिवळा रंग गेला आणि खालून मेलेल्या माशाच्या पोटासारखं अल्युमिनियम उघडं पडलं.

दोकशिमने पातेली पाहिली. "गेली," ती म्हणाली. "हिला स्पंजाखेरीज काही चालत नाही हो. तो मुलामाच तर होता. आता यात शिजवू नका काही."

त्याचा चेहरा इतका पडला, की तिने हसू आवरलं. हाताने पाठ थोपटता येत नव्हती म्हणून तिने आपलं डोकं त्याच्या दंडावर टेकवलं. "पंचवीस वर्षं झाली म्हणजे कोणीही रिटायर होतं," ती म्हणाली.

असे दिवस चालले होते. सकाळी तो तिचं तोंड धुवायचा, कपडे चढवायचा, चमच्याने भात भरवायचा. पहिल्या आठवड्यात दोघंही भिंतीकडे बघत ते उरकायची. आता ती घास चावता चावता पुढचा हुकूम सोडायची आणि तो "आधी गीळ, मग बोल" म्हणायचा. त्याने भात लावायला शिकून घेतलं. मुळ्याचं सूप जमलं. न चिकटणारा तवा गरम असताना पाण्याखाली धरायचा नाही, त्याची कातडी उकलते, हे शिकला. तिने शिकवलेलं काहीही त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. चौतीस वर्षांत एकही थांबा न चुकवलेला माणूस होता तो. गोष्टी ती मात्र दोनदा सांगायची, कधी तीनदा. तो ऐकायचा.

शनिवारी अकराच्या बसने मिरान आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात सफरचंदांची पेटी. दारातच तिने आईला मिठी मारायला हात पसरले आणि प्लास्टर पाहून कुठे धरायचं ते न कळून तशीच थांबली. शेवटी तिने आईचे गाल धरले.

"वाळलीस."

"तुझे बाबा मोजून भरवतात. बसमध्ये माणसं मोजायची सवय."

मिरानने बूट काढले आणि ती थेट स्वयंपाकघरात गेली. पानसोक तिच्यामागे दोन पावलांवर, तिकीट तपासनीस आल्यासारखा उभा. तिने फ्रिज उघडला. फळीवरची पातेली एकेक करून उलटी केली. सिंकच्या जाळीत बोट घातलं. मग मागचं दार उघडून परसात गेली आणि देगीचं झाकण सरकवलं. आत बराच वेळ बघत राहिली.

"हे कोणी केलं?"

"मी," पानसोक म्हणाला. "म्हणजे हात माझे, तोंड हिचं."

मिरान हसली नाही, पण तिच्या खांद्यांचा ताण थोडा उतरला. जेवायला तिघं खाली बसली. पानसोकने काळ्या मातीच्या पातेल्यात त्वेनजांगचं कालवण केलं होतं, आंबवलेल्या सोयाबीनचं, आत भोपळा आणि शिंपल्या. ते गॅसवरून उतरवलं तरी पातेल्यात खदखदत होतं. मिरानने पहिला चमचा तोंडात घातला आणि मान खाली घालून खात राहिली. तिचे डोळे कशाने ओले झाले, वाफेने की कशाने, ते पानसोकने विचारलं नाही. आईला तो घास भरवत होता. लेक ते तिरक्या नजरेने बघत होती.

"मी जुनहोचं टेबल हलवलं," ती एकदम म्हणाली. "खिडकीशी आईचा बिछाना घातलाय. नवी रजई आणलीय."

"कोणाचं टेबल?" दोकशिमने विचारलं.

"जुनहोचं, आई. तुझ्या नातवाचं."

"ते माहितीय गं. कोणतं टेबल म्हणते मी."

"अभ्यासाचं." मिरानने चमचा खाली ठेवला. "बाबा, मला तिकडे फोन वाजला ना, की धस्स होतं. तुम्हाला वाटतं मी हौसेनं म्हणते. तुम्ही दोघंच. एकाला काही झालं तर दुसरा..."

"पुढे बोलू नकोस," पानसोक हळूच म्हणाला. "कालवण गार होतंय."

जेवणं झाली. मिरान उठायला लागली तशी तो म्हणाला, "तू बस," आणि स्वतः भांडी घेऊन सिंकपाशी गेला. बाह्या वर सरकवल्या. वाट्या, चमचे, भाताचं भांडं झालं. मग त्याने मातीचं पातेलं पुढे ओढलं. कडेला भोपळ्याचा तुकडा वाळला होता.

"त्याला साबण लावा चांगला," दोकशिम मागून म्हणाली. "तेलकट झालंय. भरपूर फेस करा आणि ठेवून द्या भिजत."

पानसोकचा हात नळावर थांबला.

मातीच्या भांड्याला साबण लागत नाही. हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. या घरात मांजरालाही ते ठाऊक होतं. माती साबण पिते आणि पुढच्या कालवणात तो सोडते. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या बहिणीने मदत म्हणून असंच एक पातेलं फेसात भिजवलं होतं, तेव्हा दोकशिमने ते सरळ दगडावर फोडलं होतं आणि दोघी नणंद-भावजया महिनाभर बोलल्या नव्हत्या. तांदळाचं धुवण घालायचं, उकळवायचं, पुसायचं. चव्वेचाळीस वर्षं त्याने सिंकच्या कोपऱ्यात त्या धुवणाचा पांढरा वाडगा पाहिला होता.

त्याने मागे वळून पाहिलं. दोकशिम भिंतीला टेकून बसली होती. चेहरा शांत होता. थट्टा करताना तिच्या डाव्या गालाला एक खळी पडायची, ती पडलेली नव्हती. तिने आपल्या मते बरोबर तेच सांगितलं होतं. त्याला एकदम ती पडली तो दिवस आठवला. दोरीवरचे कपडे काढायला म्हणून ती परसात गेली होती, आणि ते कपडे सकाळीच घड्या होऊन कपाटात गेले होते. हे त्याने अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

मिरान सफरचंद सोलत होती. सुरी थांबली होती. आईच्या हाताखाली वाढलेली लेक होती ती.

"बघितलंस मिरान?" पानसोक मोठ्याने म्हणाला, इतक्या मोठ्याने की परसातला कुत्रा भुंकला. "आठवडाभर हेच चाललंय! हळूच चुकीचं सांगायचं आणि बघायचं, म्हातारा फसतो का! परवा म्हणे देगीत पाणी भरून ठेवा रात्रभर. अगं, मी काय कालचा आलोय? मातीला साबण? तुझी आत्या आठवते मला!"

त्याने कोपऱ्यातला तांदळाच्या धुवणाचा वाडगा उचलला आणि पातेल्यात ओतला.

दोकशिम त्या पांढऱ्या पाण्याकडे बघत होती. तिचे ओठ किंचित हलले. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, ओले हात हवेत धरून.

"पास," ती म्हणाली.

मिरान हसली. आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली. "आई, तू ना! बिचारे बाबा!" सफरचंदाची फोड तिने आईच्या तोंडात घातली. "मी खरंच घाबरले होते एक मिनिट."

"परीक्षा घेतल्याशिवाय माणूस शिकत नाही," दोकशिम फोड चावत म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. फक्त तिने प्लास्टरबाहेरची डावी बोटं उजव्या प्लास्टरवर घट्ट दाबून धरली होती.

चारच्या बसला पानसोक लेकीला सोडायला गेला. थांब्यावर दोघंच होती. समुद्राकडून चिखलाचा वास येत होता. ओहोटी लागली होती.

"प्लास्टर निघेपर्यंत राहू दे इथेच," मिरान म्हणाली. "मी दर पंधरा दिवसांनी येईन. नव्या वर्षाला पुन्हा बोलू. खोली आहेच."

"टेबल परत जागेवर ठेव. पोराचा अभ्यास आहे."

"बाबा." ती त्याच्याकडे वळली. "काही असलं तर सांगाल ना मला?"

त्याने रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. बस किती मिनिटांत येईल हे त्याला घड्याळ न पाहता कळत होतं. तीन मिनिटं. तीन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि तिला नुसतं हसून रवाना करावं असंही नव्हतं.

"प्लास्टर काढायला मोठ्या दवाखान्यात जायचंय ना," तो म्हणाला, "तेव्हा बाकीचंही दाखवून घेतो."

"बाकीचं म्हणजे?"

"म्हातारपणाचं. दोघांचंही. विसरायला होतं आताशा."

मिरानने बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बस वळणावर दिसली. "त्या दिवशी मी येते," ती म्हणाली. "रजा काढते. तारीख कळवा." बसमध्ये चढून तिने काचेतून हात केला. त्यानेही केला. बस टेकडीआड जाईपर्यंत तो उभा राहिला. ड्रायव्हरने दुसरा गिअर उशिरा टाकला हे त्याच्या लक्षात आलं.

घरी दोकशिम स्वयंपाकघरात उभी होती, फळीकडे तोंड करून.

"गेली?"

"गेली. त्या दवाखान्याच्या दिवशी येईन म्हणाली."

"बरं." ती वळली नाही. "साबण नाही ना घातलात त्याला?"

"नाही."

"बरं केलंत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मला खरंच..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

पानसोक पुढे झाला. तिच्या पाठीमागे उभा राहून त्याने फळीवरचं एक पातेलं उगीचच दोन बोटं सरकवलं. "चल, ऊन आहे तोवर बाहेर बसू," तो म्हणाला. "हादोंगवाली वाट बघत असेल. तिला सांगायचंय, तिकीट तपासनीस गेला म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोकशिमला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरातून कसलातरी करकर आवाज येत होता. ती उठून दाराशी आली. पानसोक खाली मांडी घालून बसला होता. कॅलेंडरचे गेलेले महिने फाडून, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करने तो लिहीत होता. चार कागद आधीच भिंतीला लागले होते. एकावर 'देग. साबण नाही. पाणी राहू द्यायचं नाही. तेलाचा पातळ हात.' दुसऱ्यावर काशाची भांडी, तिसऱ्यावर स्टील. चौथ्यावर फक्त एवढंच: 'गॅस बंद?'

"हे काय काढलंय पहाटेपासून?"

"डोक्यात राहत नाही माझ्या," पानसोक तिच्याकडे न बघता म्हणाला. "आठवडाभरात किती शिकवलंस! लिहून ठेवलेलं बरं."

त्याने हातातला कागद पूर्ण केला, चिकटपट्टी लावली आणि मातीच्या भांड्यांच्या फळीशेजारी भिंतीवर दाबून बसवला. 'माती. साबण नाही. तांदळाचं धुवण.'

दोकशिम जवळ आली. सगळे कागद भिंतीवर एका ओळीत होते. ती सरळ उभी राहिली की तिच्या डोळ्यांपुढे येत होते. पानसोक तिच्यापेक्षा हातभर उंच होता.

"एवढे खाली का लावलेत?" ती म्हणाली. "तुम्हाला वाकावं लागेल."

"वाकेन की."

तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. देग. काशाची भांडी. स्टील. 'गॅस बंद?' पाशी जरा थांबली. शेवटच्या कागदापाशी आली आणि तिथे बराच वेळ उभी राहिली. बाहेर हादोंगवाली कोंबड्यांवर ओरडत होती.

"अक्षर बारीक आलंय," ती अखेर म्हणाली. "जरा मोठं काढा. तुम्हाला चष्म्याशिवाय दिसायला नको का?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून पानसोकचा चष्मा सुटला होता. घरात आता चष्मा एकच होता आणि तो तिच्या नाकावर होता.

"हो," तो म्हणाला. "दिसायला हवं."

त्याने कागद अलगद सोडवला, आणखी एक गेलेला महिना उलटा केला आणि मार्करचं टोपण दातांनी उघडून पुन्हा लिहायला बसला. दोकशिम शेजारी टेकली. आणि तो एकेक अक्षर काढायला लागला तसं ती ते हळूच, त्याच्या खांद्यावरून वाचू लागली.